जुन्या व्हॅनच्या छतातली स्कायलाइट दर पावसाळ्यात का गळते?

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी झाल्या की माझ्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर किंवा ऑम्नी, आत हौसेने केलेली झोपायची-रांधायची सोय, छत कापून नंतर बसवलेली स्कायलाइट, आणि खाली गादीवर ओला डाग. वर चढून बघावं तर खिडकीभोवती सिलिकॉनचे थर. एकावर एक. दर पावसाळ्यात नवा थर चढलेला असतो आणि तरी पाणी येतच असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गळणाऱ्या स्कायलाइटवर वरून सिलिकॉन फासणं ही दुरुस्ती नाही. पाणी ज्या वाटेने आत शिरतं ती वाट बहुधा तशीच राहते, आणि ज्या वाटेने ते बाहेर पडलं असतं ती मात्र बुजते. मग पाणी पत्रा आणि लाकडी चौकटीच्या मध्ये कोंडतं, ओल वाळत नाही आणि काही पावसाळ्यांत पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून आधी वाट शोधायची, मग हत्यार उचलायचं. खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या सगळ्या जवळजवळ फुकटातल्या आहेत आणि बऱ्याच गाड्या तिथेच बऱ्या होतात.

आधी लक्षणं नीट बघा

पाणी कुठे पडतं यापेक्षा ते कधी पडतं हे जास्त सांगून जातं. छतातलं पाणी शिरतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे. आडव्या लोखंडी पट्ट्यांवरून, वायरिंगवरून, प्लायच्या मागच्या बाजूने ते दोन-तीन फूट सहज सरकतं. डागाच्या बरोबर वर भोक शोधणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पाऊस नसतानाही पहाटे घुमटाच्या, म्हणजे स्कायलाइटच्या पारदर्शक फुगीर झाकणाच्या, आतल्या बाजूला थेंब दिसतात, चारी बाजूंना सारखेच: ही गळती नाही, दव आहे.

पाऊस सुरू झाल्यावर उभ्या गाडीत लगेच ठिबकायला लागतं: झाकणाचं रबर, घुमटाचा तडा किंवा वरचे स्क्रू.

गाडी उभी असताना थेंबही नाही, पण हायवेला लागलं की पुढच्या कडेने तुषार येतात: झाकण पुरतं आवळलं जात नाही, किंवा खिडकीला कायमची हवा येण्यासाठी ठेवलेल्या फटीतून वारा पाणी ढकलतो.

पाऊस थांबून तास झाला, गाडी सुरू केली, पहिला ब्रेक मारला आणि पुढच्या सीटवर ओंजळभर पाणी सांडलं: पाणी सीलिंगच्या वर साठून बसलेलं आहे. हे लक्षण दिसलं की बाकीची कामं बाजूला ठेवा.

उतारावर उभी केली की एकाच कोपऱ्यातून येतं: चौकटीखालचा पत्रा सपाट नाही, त्या कोपऱ्यात फट आहे.

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. पाणी कुठेच दिसत नाही, पण गाडी उघडली की कुबट वास येतो, खिडकीभोवतीचं प्लाय फुगलंय, काळे ठिपके आलेत आणि स्क्रूंच्या डोक्यांभोवती तपकिरी वर्तुळं आहेत. ही गळती कितीतरी महिने चालू असते. पाणी थेंबाने येत नाही, लाकडात मुरतं.

पाणी की दव?

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि लोक सगळ्यात जास्त हीच टाळतात. स्कायलाइटचा चौकोन कोरडा पुसा. आतल्या बाजूने त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लॅस्टिकच्या खालच्या, म्हणजे तुमच्या बाजूला दव असेल तर ओल गाडीतल्या हवेची आहे. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला पाणी साठून ते फुगलं असेल तर पाणी बाहेरून आलंय.

बंद गाडीत ओल कुठून येते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर पाणी हवेत जातं. दोघं झोपले की दोन पेले. स्वयंपाकाचा गॅस तर याच्या पुढे आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. भाताची, चहाची वाफ वेगळीच. डिसेंबरात भंडारदऱ्याला मुक्काम केला की ही सगळी वाफ गाडीतल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे घुमटावर आणि खिडकीच्या उघड्या लोखंडी कडेवर जाऊन बसते. कडेवरचं दव आतल्या पट्टीमागून ओघळतं आणि अगदी गळतीसारखं दिसतं. कितीतरी लोकांनी याच दवासाठी वरून सिलिकॉन भरलेलं आहे.

उपाय साधा आहे. रात्री झाकण बोटभर उघडं आणि समोरची एक काच किंचित खाली. रांधताना सरकतं दार उघडं. हे फक्त ओलीसाठी नाही, बंद गाडीत गॅस पेटवणं जिवावर बेतू शकतं. आणि कापलेल्या पत्र्याची कड आतून उघडी असेल तर तिच्यावर बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची पट्टी चिकटवा.

कचरा आणि बुजलेली भोकं

चांगल्या स्कायलाइटच्या बाहेरच्या चौकटीत झाकणाभोवती बारीक पन्हळ असते आणि तिच्यातलं पाणी बाहेर काढायला कोपऱ्यांत किंवा खालच्या कडेला भोकं असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या पन्हळीत फुलं, पानांच्या शिरा, धूळ आणि डिंक यांचा चिखल होतो. पन्हळ भरली की पाणी आतल्या कडेवरून उतू जातं. मऊ ब्रशने साफ करा, भोकात प्लॅस्टिकची केबल टाय फिरवा, वरून मगभर पाणी ओता आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघा.

इथेच मागच्या कारागिराची करामत सापडते. फट दिसली म्हणून त्याने हीच भोकं सिलिकॉनने बंद केलेली असतात. अशी भोकं प्लॅस्टिकच्या पत्तीने मोकळी केल्यावर दुसरं काहीही न करता गळती थांबलेली मी अनेकदा पाहिली आहे.

याच वेळी छतावरून नजर फिरवा. स्कायलाइटच्या मागे किंवा पुढे पाणी तळ्यासारखं साचतं का? एक चौरस मीटर जागेत सेंटीमीटरभर पाणी साचलं तर ते दहा लिटर होतं. कोणतंही सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचीक लेप, पाणी वाहून जाईपर्यंत टिकावं म्हणून लावलेलं असतं, दिवसभर पाण्याखाली राहण्यासाठी नाही. तात्पुरता उपाय म्हणजे गाडी नाकाकडे किंवा शेपटीकडे थोडी उतरती उभी करणं. कायमचा उपाय पुढे येतो. आणि एक विनंती: बघायला छतावर चढू नका. जुन्या व्हॅनचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तुमच्या गुडघ्याने पडलेला खड्डा पुढच्या पावसात नवं तळं होतो. घोडी लावा, नाहीतर घडीची शिडी, आणि बाजूने वाकून काम करा.

झाकण, रबर, घुमट

कागदाची लांब पट्टी झाकण आणि रबर यांच्यामध्ये ठेवा, झाकण लावून घ्या आणि पट्टी ओढा. ती अडखळत यायला हवी. असं चारी बाजूंनी, वीतभर अंतरावर करत जा. जिथे पट्टी सहज निघते तिथे रबर चेपलेलं आहे किंवा झाकणाचा खटका सैल आहे. खटक्याला आवळायची सोय असेल तर अर्धा-पाऊण फेरा आवळून पुन्हा पट्टी लावा. रबर चपटं झालं असेल, कडक होऊन त्यावर बारीक भेगा असतील, तर ते बदलायचंच. त्याच खिडकीचं मूळ रबर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर जुन्याचा तुकडा घेऊन गाड्यांच्या रबर बीडिंगच्या दुकानात जा आणि तोच आडवा छेद जुळवून आणा. जोड मागच्या कडेला येऊ द्या, पुढच्या नको, कारण चालत्या गाडीत पावसाचा मारा पुढून असतो.

चांगल्या रबराला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका. ही रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, खनिज तेलाने ती फुगतात आणि सैल पडतात.

पट्टी दोन समोरासमोरच्या बाजूंच्या मधोमध निसटत असेल आणि कोपऱ्यांत घट्ट असेल, तर दोष रबराचा नाही. गाडीचं छत आडव्या दिशेने किंचित कमानदार असतं. त्यावर सपाट चौकट ठेवून स्क्रू जोरात आवळले की चौकटच वाकते आणि झाकण मधोमध टेकत नाही. रबर कितीही नवं घातलं तरी ही फट राहते. तिचा इलाज शेवटी, पुन्हा बसवण्याच्या भागात आहे.

घुमट पुसून उन्हात तिरका बघा. बिजागरीच्या आणि खटक्याच्या स्क्रूंपाशी केसासारखे तडे जातात. अॅक्रिलिकच्या घुमटावर थिनर, पेट्रोल किंवा काच पुसायचं अल्कोहोलचं द्रावण वापरलं की असे तडे फार लवकर येतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच वापरा. तडा गेलेल्या घुमटावर एम-सील थापून तो पावसाळा निघत नाही. एम-सील पाइपाच्या कडक सांध्याला उत्तम, पण उन्हात फुगणाऱ्या आणि थंडीत आकसणाऱ्या प्लॅस्टिकवर ते सुटून येतं. घुमट बदला.

पाइपाने पाऊस पाडून बघणं

इथवर काही सापडलं नाही तर दोन माणसं, एक पाइप आणि एक टॉर्च लागेल. पंख्याची किंवा दिव्याची वायर स्कायलाइटमध्ये असेल तर आधी तिचा फ्यूज काढा. आतली सजावटीची पट्टी उतरवा, म्हणजे पत्र्याची कापलेली कड आणि लाकडी चौकट दिसेल. त्या कडांवर टाल्कम पावडरचा हात फिरवा. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरीवर स्वच्छ रेघ उमटते, आणि ती रेघ थेंबापेक्षा खरं बोलते.

आता एकजण आत, एकजण बाहेर. पाइपाला फवारा नको, तोंडावर अंगठाही नको, साधी मंद धार. सुरुवात सर्वांत खालच्या कडेपासून करायची: आधी स्कायलाइटच्या उतरत्या बाजूची चौकट, मग डावी-उजवी, मग चढती बाजू, आणि सगळ्यात शेवटी झाकण. प्रत्येक जागी दहा मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळीकडे पोचतं आणि काहीच कळत नाही. खालून वर गेलं की ज्या टप्प्याला आतला माणूस ओरडतो, त्याच टप्प्यात दोष असतो. दहा मिनिटं कंटाळवाणी वाटतील, पण लाकडातून मुरून यायला पाण्याला वेळ लागतो. घाईने पुढे सरकलात तर पहिल्या जागेचं पाणी तिसऱ्या जागेच्या नावावर जमा होईल.

प्रेशर वॉशर अजिबात वापरू नका. तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत घालतो आणि तुम्ही नसलेला रोग शोधत बसता.

स्कायलाइटवर पाणी सोडून काहीच आलं नाही, तर तिला सोडा आणि छताची बाकीची भोकं तपासा. कॅरियरचे बोल्ट, अँटेना, टपावरचे दिवे, सोलर पॅनलचे ब्रॅकेट, वायर आत घेतलेलं ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं), आणि छताचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जिथे मिळतो ती नाली. जुन्या गाड्यांच्या नालीतलं कारखान्यातलं सीलंट उन्हाने भेगाळतं. त्या भेगेतून शिरलेलं पाणी आतून पट्ट्यावरून चालत येतं आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे स्कायलाइट, म्हणून तिथून खाली पडतं. दोष कॅरियरचा आणि बोलणी स्कायलाइटला, असं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

स्क्रू

दोष वरच्या चौकटीत सापडला तर एकेक स्क्रू तपासा. सैल असेल तर फक्त आवळून चालत नाही. तो काढायचा, भोक कोरडं करायचं, स्क्रूच्या आट्यांवर आणि डोक्याखाली सीलंट लावून परत बसवायचा. साधे लोखंडी स्क्रू गंजले असतील तर स्टेनलेसचे घाला. लाकूड कुजून स्क्रू नुसता फिरत असेल, म्हणजे पकडच घेत नसेल, तर इथेच थांबा. जाड स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका. खालची चौकट गेलेली आहे आणि स्कायलाइट काढावीच लागणार आहे.

आवळताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, हातानेच आवळा. ड्रिल मशीनने आवळले की सीलंट सगळं बाहेर पिळून निघतं, चौकटीखाली कोरडी जागा उरते आणि प्लॅस्टिकला स्क्रूपाशी तडा जातो.

काढून पुन्हा बसवणं

हे काम घरी होऊ शकतं, पण त्यासाठी पाऊस नसलेले सलग तीन-चार दिवस आणि घाई न करणारा माणूस हवा. माझ्या मते मार्च-एप्रिल ही योग्य वेळ. भर श्रावणात ताडपत्री टाकून दिवस काढा, तेच बरं.

आतले स्क्रू काढल्यावर वरची चौकट पेचकसाने उचकटू नका, तुटते. पातळ प्लॅस्टिकची पत्ती किंवा मासेमारीची बारीक दोरी सीलंटमधून करवतीसारखी ओढत न्या. जुना बुटाइल (चिकट रबरी सीलंट) असेल तर उन्हात मऊ होतो, सिलिकॉन मात्र चिवटपणे धरून राहतं. ते खरवडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो वेळ द्यायलाच हवा. सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा थर राहिला तरी त्यावर नवं सीलंट धरत नाही आणि रंगही फाटतो. शिवाय व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं. उघड्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. म्हणूनच मी ते गाडीवर कुठेही वापरत नाही.

पत्रा मोकळा झाला की कड बोटाने, हातमोजा घालून, चाचपा. वरवरचा गंज असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, मग इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, मग रंग. खिडकी बसवताना बहुतेकांनी कापलेली कड तशीच सोडलेली असते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. कापताना उडालेला लोखंडी कीसही छतावर पडून राहतो. पहिल्या पावसात त्याचे लाल ठिपके होतात आणि ते रंगात उतरतात. कापणं-घासणं झालं की आधी व्हॅक्यूम फिरवा, नंतर फडकं. फडकं आधी फिरवलं तर कीस रंगात घासला जातो.

लाकडी चौकट मऊ लागली तर बदला. आयएस ७१० असा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या, कडा आणि स्क्रूंची भोकं इपॉक्सीने किंवा निदान प्रायमरने बंद करा. ही चौकट दोन कामं करते. नुसत्या पातळ पत्र्यात स्क्रू धरत नाहीत, त्यांना ती पकड देते. आणि स्कायलाइटची वरची-आतली बाजू एकमेकींवर आवळताना पत्रा चेपू देत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बहुतेक व्हॅनच्या छतावर लांबीच्या दिशेने उंचवटे दाबलेले असतात, पत्र्याला ताठपणा यावा म्हणून. स्कायलाइटची चौकट या उंचवट्यांवर आडवी बसते आणि दोन उंचवट्यांमधल्या सखल भागात काही मिलिमीटरची पोकळी उरते. ही पोकळी कारागीर सीलंटने भरतात. जाड थर आतून नीट सुकत नाही, ऊन लागलं की आकसतो आणि कडेने सुटतो. दर पावसाळ्यात येणाऱ्या गळतीचं सर्वांत मोठं कारण मला विचाराल तर हेच. सखल भागात त्या मापाच्या एबीएस प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या पट्ट्या पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बसवा आणि कमानीसाठी दोन्ही बाजूंना पाचरी द्या, म्हणजे चौकटीला चारी बाजूंनी सपाट बैठक मिळेल. सरळपट्टी ठेवून उजेड कुठून येतो का बघा. याच वेळी चढत्या बाजूला, स्कायलाइटच्या अलीकडे, पाणी दोन्हीकडे फुटेल अशी किंचित उतरती पाचर दिली की साचणारं तळंही जातं. कौलांवर वरचं कौल खालच्यावर येतं, तसंच इथे. पाण्याने कोणत्याही कडेला आडवं धडकू नये.

सीलंट कोणतं? बुटाइलची पट्टी किंवा गाडीकामाचं पॉलियुरेथेन अथवा एमएस पॉलिमर, पण ते तुमच्या चौकटीच्या प्लॅस्टिकला चालतं का हे नळीवर वाचून. काही पॉलियुरेथेनमुळे पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रिलिकला तडे जातात. लवचीकता इतकी महत्त्वाची का, त्याचा हिशोब असा. मे महिन्यात छत दुपारी ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि आषाढातल्या रात्री वीसपर्यंत उतरतं. ५० अंशांच्या फरकाने अर्धा मीटर लांबीचं एबीएस जवळपास २ मिलिमीटरने लांबतं, तेवढाच पोलादी पत्रा जेमतेम ०.३ मिलिमीटरने. असा फरक कमी-जास्त प्रमाणात रोज, वर्षानुवर्षं सीलंटनेच सोसायचा असतो. त्यासाठी त्याची जाडी दोन-तीन मिलिमीटर तरी राहायला हवी. सगळं पिळून कागदाएवढं केलंत तर ते ताणलंच जाणार नाही, फाटेल.

बुटाइलची पट्टी लावली असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन खाल्ल्यावर ती थोडी बसते. तेव्हा स्क्रू पुन्हा हलक्या हाताने आवळा आणि बाहेर आलेला भाग पत्तीने कापा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून हात लावून कोरडं वाटलं तरी आत कच्चं असतं. तोवर गाडी हलवू नका. वायर परत जोडताना ती खिडकीकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोळापाशी गळून पडेल, पंख्यात जाणार नाही.

मग पुन्हा पाइपाची परीक्षा. आतली पट्टी मात्र एक-दोन जोरदार पाऊस होईपर्यंत लावू नका. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माझ्याकडच्या मालकांना मी सांगतो की सावंतवाडीकडे जाणार असाल तर जाताना घाटात थांबा, आत हात फिरवून बघा आणि मगच पट्टी लावा.

कुठे थांबायचं

कड चाचपताना पत्र्याचे पापुद्रे सुटले, पेचकस टोचल्यावर आरपार गेला, तर पुट्टी भरू नका. पत्रा कापून नवा जोडावा लागेल आणि ते काम डेंटिंगवाल्याचं. आतल्या फोमला आणि प्लायला वेल्डिंगची ठिणगी लागली तर विषारी धूर होतो. आजूबाजूचं सगळं आधी काढून, बॅटरी सोडवून, अग्निशामक जवळ ठेवून काम करणारा माणूस निवडा.

स्कायलाइट बसवताना कोणी छताचा आडवा पट्टा कापला असेल आणि छत तिथे खचलं असेल, तर सीलंटचा विचारच सोडा. तो पट्टा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. बॉडी बिल्डरकडून नवा आडवा पट्टा टाकून घ्यावा लागेल आणि तोवर त्या छतावर कॅरियर किंवा सामान ठेवू नका.

सीलिंगमध्ये पाणी साठून वायरिंग भिजलं असेल, फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल किंवा जळका वास आला असेल, तर बॅटरी सोडवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठा फ्यूज घालून बघणं नको. काही उंच छतं फायबरची असतात. त्यात तडा असेल तर फायबरचं काम करणाराच हवा.

कागदपत्रांचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. नव्याने छत कापणार असाल किंवा पट्टा बदलणार असाल, तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, मगच करवत लावा.

कारागिराकडे गाडी नेताना पाणी कधी येतं, कोणत्या बाजूला उतार असताना येतं आणि पाइपाच्या परीक्षेत कोणत्या टप्प्याला आलं, हे कागदावर लिहून आणि पावडरीवरच्या रेघेचा फोटो घेऊन जा. त्याचा अर्धा दिवस वाचतो. आणि आधी कुठेकुठे सिलिकॉन लावलंय ते न विसरता सांगा, कारण न सांगितलेल्या जागी त्याचा नवा रंग धरणार नाही आणि ते काम दोघांनाही दुसऱ्यांदा करावं लागेल.